आठ चाळण्या

"मादाम, चाक बसलं," बुबाकार म्हणाला आणि गाडीच्या मागच्या चाकाकडे परक्यासारखा बघत उभा राहिला.

मी वाकून पाहिलं. चाक पार जमिनीला टेकलं होतं. सकाळी येताना ठणठणीत होतं ते. समोर तिथल्या खाण संचालनालयाच्या संचालकसाहेबांची पांढरी जीप सुरू होऊन घरघरत होती, जीपमध्ये आमच्या पथकाचे प्रमुख हेन्रिक मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून बसले होते आणि तिकडे चाळीस किलोमीटरवर जिल्ह्याचे गव्हर्नर आमच्यासाठी बकरा कापून वाट बघत होते.

"मादाम ढोबळे, तुम्ही आमच्या गाडीत या," संचालक म्हणाले.

मी जीपमध्ये डोकावले. आत पाच माणसं आणि गव्हर्नरांना द्यायची एक भलीमोठी फुलदाणी होती. त्या फुलदाणीला मांडीवर घेऊन चाळीस किलोमीटर जायचं म्हणजे माझ्या गुडघ्यांनी तिथेच राजीनामा दिला असता.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "चाक बदलायला कितीसा वेळ लागतो? अर्ध्या तासात येतेच मागोमाग."

संचालकांचं मन काही निघेना. हेन्रिकना मात्र भूक लागली होती. शेवटी संचालकांनी एका शिपायाला माझ्या सोबतीला ठेवलं, आपली काळी मोठी छत्री आदबीनं माझ्या हातात दिली आणि जीप धुरळा उडवत गेली.

त्या अर्ध्या तासाचे साडेतीन तास झाले. त्या साडेतीन तासांची गोष्ट मी पुढे सात वर्षं ज्याला त्याला रंगवून सांगितली. आणि चुकीची सांगितली, पण ते ओघानं येईलच.

मी नागपूरची कुंदा ढोबळे. भूवैज्ञानिक म्हणून सरकारी नोकरीत जन्म घालवला, त्यातली बारा वर्षं पन्न्याला, हिऱ्यांच्या खाणींवर. या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. त्या देशाचं नाव मी सांगत नाही, कारण आता तिथलं बरं चाललंय आणि जुनी उणीदुणी काढण्यात मला रस नाही. पश्चिम आफ्रिकेतला एक लहानसा देश, एवढं पुरे.

तेव्हा किंबर्ली प्रोसेस नावाची व्यवस्था नवी नवी होती. बंडखोर टोळ्या खाणी बळकावायच्या, बंदुकीच्या धाकानं माणसांकडून हिरे काढून घ्यायच्या आणि ते विकून आणखी बंदुका घ्यायच्या. ते हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून पन्नासेक देशांनी मिळून ठरवलं, की कच्च्या हिऱ्यांची प्रत्येक पेटी मोहोरबंद हवी आणि तिच्याबरोबर सरकारी दाखला हवा. दाखला नाही तर माल नाही. आता हा दाखला खरा की खोटा, हे बघायला एकमेकांच्या देशात पथकं जायची. आमचं पथक तिघांचं होतं. हेन्रिक आकडेवारीचे पंडित. तिसरे गृहस्थ हिऱ्यांचे जाणकार व्यापारी, पण त्यांनी पहिल्याच संध्याकाळी रस्त्यावरचं काहीतरी खाल्लं आणि उरलेला दौरा हॉटेलच्या संडासात काढला. राहिले मी.

आम्हाला तपासायची होती तांबाया नावाची खाण. कागदावर तिथून दर वर्षी तीन लाख कॅरेट हिरे निघत होते. खाणीपासून बारा किलोमीटरवर मावा नदी, आणि नदीपलीकडे शेजारचा देश, जिथे लढाई पेटलेली होती. तिथल्या टोळीनं हजारभर माणसं पकडून खड्ड्यांत जुंपली होती. प्रश्न सरळ होता. तांबायाचे हिरे खरंच तांबायाचे, की नदीपलीकडून आणून त्यांना इथला दाखला चिकटवला जातोय? आम्ही 'सगळं ठीक' म्हणून सही केली, की पलीकडच्या माणसांच्या मानगुटीवरची बंदूक आणखी काही वर्षं तिथेच राहणार होती.

निघताना आमच्या साहेबांनी बजावलं होतं, "ढोबळेबाई, उगाच भांडण उकरून काढू नका. बघा, सही करा आणि या."

बुबाकार आमचा ड्रायव्हर. तिशीचा, उंच, हसरा. बंदरावर काम केल्यामुळे इंग्रजी चांगलं बोलायचा. विमानतळापासून चार तासांच्या प्रवासात मी त्याला पन्न्याच्या गोष्टी सांगून भंडावून सोडलं. मला बोलायला कोणी लागत नाही, नुसते कान लागतात. खाणीतली खडी आम्ही कशी धुवायचो, तिथल्या बायकांनी मला चाळणी कशी मारायला शिकवली, चाळणी पालथी घातली की मधोमध हिरा कसा डोळा मिचकावतो, सगळं सांगितलं. पुढच्या सीटवर संचालनालयाचा एक कारकून बसला होता, तो पेंगत होता.

"घरी कोण कोण?" मी शेवटी विचारलं.

"आई आहे. बायको. मोठा भाऊ इद्रिसा, तो नदीपलीकडे असतो."

"नोकरीला?"

पेंगणारा कारकून एकदम जागा झाला आणि खाकरला. बुबाकारनं रेडिओ लावला.

त्या दिवशी सकाळी खाणीवर आमचं स्वागत झालं, म्हणजे अगदी लग्नघरासारखं. ढोल वाजले. मला शेंगदाण्यांची माळ घातली. एका तळ्याकाठी वीस-पंचवीस माणसं नव्या कोऱ्या चाळण्या घेऊन ओळीनं उभी होती. संचालक कायद्याचे पदवीधर, पायात पांढरे बूट, खडीला जन्मात हात लावलेला नसावा. पण माणूस सभ्य. मला ऊन लागू नये म्हणून त्यांनी स्वतः माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि तासभर माझ्या बाजूनं हलले नाहीत. आमच्या लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती, पण आमच्या ह्यांनी कधी माझ्यावर छत्री धरल्याचं मला आठवत नाही. मी खूष होते. संचालक मला भारतातल्या सिनेमांबद्दल विचारत होते, हेन्रिक आकडे लिहून घेत होते, माणसं चाळण्या बुडवत होती, काढत होती, मी फोटो घेत होते. आणि मग चाक बसलं.

जीप दिसेनाशी झाली तसा बुबाकार कामाला लागला. कामाला लागला म्हणजे त्यानं आधी सगळी हत्यारं एका फडक्यावर ओळीनं मांडली. मग ती पुसली. मग जॅक शोधला. जॅक सापडल्यावर त्याला कुठला तरी बोल्ट आवळावासा वाटला.

"अरे बाबा," मी म्हटलं, "एवढ्या वेळात आमच्या ह्यांनी सुद्धा चाक बदललं असतं, आणि त्यांना साधा दिव्याचा बल्ब बदलता येत नाही."

"चांगलं काम हळूच होतं, मादाम," तो म्हणाला आणि पाना पुन्हा पुसायला घेतला.

मी तळ्याकाठी जाऊन बसले. साहेब लोक गेल्यावर माणसं सैलावली होती. चुलीवर मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं आणि त्याचा वास असा होता, की मला गव्हर्नरांच्या बकऱ्याचा विसर पडला. त्यांच्यातला एक म्हातारा पुढे आला. अंगानं काटकुळा, पांढरी खुरटी दाढी. सगळे त्याला पापा सोरी म्हणत होते. त्यानं खुणेनंच जेवायला बोलावलं. बुबाकार पाना खाली ठेवून दुभाष्या म्हणून लगेच हजर झाला. या कामात त्याला अजिबात वेळ लागला नाही.

माशाचं कालवण होतं आणि भात. मी विदर्भातली, मासे मला फार उशिरा कळले, पण तसं कालवण मी परत खाल्लं नाही. मी माझा डबा उघडून डिंकाचे लाडू वाटले. शिपायानं तीन लाडू आणि दोन ताटं भात खाल्ला आणि झाडाखाली जो आडवा झाला तो घोरायलाच लागला.

"मासा ताजा आहे," मी बोटं चाटत म्हटलं. "नदी तर बारा किलोमीटरवर. खाणीतून वेळ कसा मिळतो?"

बुबाकारनं विचारलं. म्हातारा नुसता हसला. तेव्हा माझं त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. खाणीत दिवसभर ओल्या खडीत राबणाऱ्यांची नखं झिजून गेलेली असतात, हे मी पन्न्याला बारा वर्षं बघितलं होतं. यांची नखं शाबूत होती. तर्जनीच्या आतल्या बाजूला मात्र दोरीनं कापल्यासारखे जुने वण होते. एका कोकणी मैत्रिणीच्या वडिलांच्या बोटांवर मी तसे वण पाहिले होते. ते जाळं ओढायचे.

"पापांना म्हणावं, मला एक चाळणी मारून दाखवा," मी म्हटलं.

त्यांच्यातले दोघं उठले. चाळणीत खडी भरली, पाण्यात बुडवून गदागदा हलवली आणि वर काढली. मग चाळणी तिरकी करून पाणी निथळू दिलं, वरचे मोठमोठे गोटे वेचून बाजूला ठेवले आणि खालचं सगळं बारीक तळ्यात फेकून दिलं.

मला ठसका लागायचा राहिला. हिरा असतो तो त्या बारकात! तो साध्या खड्यापेक्षा जड, म्हणून तळाशी आणि मधोमध जातो. चाळणी पाण्यात झुलवायची, फिरवायची आणि डब्यातून ढोकळा ताटात पालथा घालतात तशी एका झटक्यात जमिनीवर पालथी घालायची. मग तळाचं वर येतं आणि बरोबर मध्यावर काळ्या जड वाळूची टिकली दिसते. असलाच हिरा तर त्या टिकलीत. ही माणसं मात्र मोठं ठेवत होती आणि बारीक पाण्यात सोडत होती. मासेमार दुसरं काय करणार?

"अहो, असं नाही!" मी पदर खोचला, चपला काढल्या आणि गुडघ्यांची पर्वा न करता तळ्यात उतरले. "द्या इकडे."

मी चाळणी झुलवली, फिरवली, काठावर आले आणि पालथी घातली. अगदी पन्न्यासारखी नाही, जरा पसरलीच, पण मधे काळा ठिपका दिसत होता. सगळे भोवती जमले. कोणी टाळ्या वाजवल्या. पापा सोरी खाली बसून ठिपक्याकडे बघत राहिले आणि एक शब्द बोलले.

"पुन्हा, म्हणतायत," बुबाकार म्हणाला.

मी पुन्हा करून दाखवलं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि परत तोच शब्द.

"पुन्हा."

मी पाच वेळा करून दाखवलं. शिकवायला मला फार आवडतं, आणि इतका चिकाटीचा विद्यार्थी मला आयुष्यात भेटला नव्हता. पाचव्या खेपेला मी घामाघूम होऊन काठावर बसले आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर्षाला तीन लाख कॅरेट काढणाऱ्या खाणीच्या मजुरांना मी, नागपूरची बाई, चाळणी मारायला शिकवत होते!

मी पाय मोकळे करायचं निमित्त केलं आणि छत्री उघडून ढिगांकडे गेले. 'धुतलेल्या खडीचे ढीग' म्हणून सकाळी आम्हाला ते लांबून दाखवले होते. मी लाडवांचा रिकामा डबा काढला, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि डब्यात थोडं भरून घेतलं. पुढच्या ढिगातून थोडं, त्याच्या पुढच्यातून थोडं. मग डबा पर्समध्ये टाकून परत आले.

"बुबाकार, चाक?"

"आत्ताच झालं, मादाम."

निघताना पापा सोरींनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी लांबलचक बोलले. "ते म्हणतात, या चाळण्या उद्या परत जातील, आम्ही पण जाऊ. आमचं नाव कुठे लिहिलेलं नाही, तेच बरं आहे," बुबाकारनं सांगितलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत भीती होती की आणखी काही, ते मला कळलं नाही. मी त्यांच्या हातावर थोपटलं आणि गाडीत बसले.

शिपाई मागच्या सीटवर झोपेतच होता. बराच रस्ता गेल्यावर मी हळूच विचारलं, "तुझा भाऊ नदीपलीकडे काय करतो?"

"चाळणी मारतो, मादाम. दीड वर्ष झालं. होडीतून उचलून नेला." तो समोर बघत होता. "आमच्या धक्क्यावर आता मासे उतरत नाहीत. होड्या त्या लोकांनी घेतल्यात. रात्री तिकडून काय काय येतं."

"तांबायाला जातं का ते?"

"मी ड्रायव्हर आहे, मादाम. मी रस्ता बघतो."

यापुढे त्याच्याकडून एक अक्षर निघालं नाही. मला त्याचा थोडा रागच आला.

गव्हर्नरांचं जेवण केव्हाच उरकलं असणार, म्हणून मी थेट हॉटेलवर गेले; पोचले तेव्हा सूर्य अजून मावळायचा होता. हेन्रिक व्हरांड्यात अहवाल लिहीत बसले होते. "आकडे जुळतात," ते म्हणाले. "शंभर टक्के जुळतात. तुमची सही तेवढी हवी."

मी वेटरकडून एक काचेचा ग्लास आणि स्वच्छ पाणी मागवलं. डबा उघडला आणि मूठभर खडी ग्लासात सोडली.

"ही धुतलेली खडी. यातून हिरे काढून झालेत म्हणे."

पाणी बघता बघता लाल झालं, मग दाट चहासारखं झालं, आणि तळाचं काही दिसेना. तांदूळ तिसऱ्यांदा धुतले तरी पाणी पांढरं होत असेल, तर पहिल्या दोनदा कोणी धुतलेच नव्हते, हे कुठल्याही स्वयंपाक करणाऱ्या माणसाला कळतं. हेन्रिक ब्रह्मचारी होते, त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला.

"हे पाण्यात कधी गेलेलंच नाही."

"नाही. खड्डे खणून माती नुसती बाजूला ओतली आहे. फार तर महिन्यापूर्वी."

"आणि ती माणसं? तो सगळा कार्यक्रम?"

"माणसांबद्दल अहवालात एक शब्द लिहायचा नाही," मी म्हटलं. "खडीबद्दल लिहा. खडीला कोणी तुरुंगात टाकत नाही."

हेन्रिकनी ग्लास उचलून उजेडात धरला. "तीस वर्षं आकडे तपासतोय मी," ते पुटपुटले, "पण एकदाही ते पाण्यात टाकून बघितले नाहीत." मग त्यांनी लिहिलेली पानं फाडली आणि नवा कागद घेतला. त्या क्षणी मला ते फार आवडले.

दुसऱ्या दिवशी निरोपाची बैठक होती. ग्लास टेबलावर मधोमध ठेवलेला. संचालकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरत गेलं. त्यांनी खोलीत सगळीकडे नजर फिरवली आणि ती दारापाशी सामान घेऊन उभ्या असलेल्या बुबाकारवर येऊन थांबली.

"मादाम ढोबळे, तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"कोणीतरी सांगितलंच असेल."

"साहेब, माझ्या आईची शपथ घेऊन सांगते, या खडीबद्दल मला कोणी एक शब्द सांगितलेला नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." हे मी इतक्या ठासून म्हटलं, की त्यांनी बुबाकारवरची नजर काढून घेतली. ते शब्दशः खरं होतं, म्हणूनच तसं म्हणता आलं. मग मी त्यांची छत्री त्यांच्यापुढे ठेवली. "ही तुमची. चांगली आहे. ऊन अजिबात येऊ देत नाही."

रात्री ह्यांचा नागपुरातून फोन आला. "काय करून राहिली? जेवली का?"

"जेवले. आणि भांडणसुद्धा उकरलं."

"मंग झोप लागते आता तुला," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

चार महिन्यांनी त्या देशाचं नाव किंबर्लीच्या यादीतून निघालं. त्याचा दाखला कोणी घेईना, त्यामुळे हिरे कोणी घेईना, त्यामुळे ते नदी ओलांडून आणण्यात कोणाला काही राम राहिला नाही. पुढे तिथलं सरकार बदललं, कारभार सुधारला आणि नाव यादीत परत आलं. पलीकडची लढाईही थंडावली. त्याला कारणं पुष्कळ होती, मी काही ती एकटीनं थांबवली नाही. पण त्या ग्लासाची गोष्ट मात्र मी सांगत सुटले. ऑफिसात, भिशीत, भाच्याच्या मुंजीत. 'तज्ज्ञाची नजर' या विषयावर मी दोन महाविद्यालयांत व्याख्यानं दिली.

सात वर्षांनी दिल्लीत एक मोठी परिषद होती आणि मला तिथे दहा मिनिटं बोलायला बोलावलं. मी अर्थातच तीच गोष्ट सांगितली. पंचवीस मासेमार, त्यांनी जन्मात चाळणी धरलेली नाही, आणि माझी तरबेज नजर. सभागृह हसत होतं. मागच्या रांगेत निळा झगा घातलेला एक उंच माणूस तर डोळे पुसत होता.

भाषण संपल्यावर तो माझ्याकडे आला. "मादाम, चाक बसलं," तो म्हणाला.

मी त्याला मिठीच मारली. बुबाकार! आता तो नदीकाठच्या गावांच्या संघटनेतर्फे आला होता. खाणींवर लक्ष ठेवायचं काम ही संघटना करायची. इद्रिसा घरी परतला होता, अंगानं खंगलेला, पण परतला होता. होड्याही परत मिळाल्या होत्या. मला रडू आवरेना आणि बुबाकारला हसू आवरेना.

"एवढं काय हसायचं त्यात?" मी शेवटी वैतागले.

"तुम्ही म्हणालात, त्यांनी जन्मात चाळणी धरली नव्हती."

"मग? मी स्वतः पाहिलं ना!"

त्यानं माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. मग तो तडक हॉटेलच्या मुदपाकखान्यात गेला आणि पिठाची चाळणी घेऊन आला. आम्ही बागेत कारंज्यापाशी गेलो. वाटेवरची चार मुठी खडी आणि वाळू त्यानं चाळणीत घेतली, झग्याच्या बाह्या सावरल्या आणि चाळणी कारंज्याच्या पाण्यात धरली. त्याचं मनगट काय फिरलं म्हणून सांगू! दोन झोके, तीन गिरक्या आणि हिरवळीवर झटक्यात पालथी. सुबक गोल वर्तुळ, आणि बरोबर मध्यावर, रेघभरही इकडेतिकडे नाही अशी, काळ्या वाळूची टिकली. पहारेकरी तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"मला आजीनं शिकवलं, मी सहा वर्षांचा होतो तेव्हा," बुबाकार म्हणाला. "आमच्याकडे सगळ्यांनाच येतं. तांबाया आधी खरी खाण होती, मादाम. ती आटली, मग लोक नदीवर गेले. पापा सोरी त्या खाणीवर वीस वर्षं मुकादम होते."

मी त्या काळ्या टिकलीला बोट लावून बघितलं.

"तुम्ही विमानतळापासून चार तास पन्न्याच्या गोष्टी सांगितल्यात. खाणीवर आमच्याच गावचे लोक उभे करणार होते, म्हणून मी त्याच रात्री गावात निरोप दिला, की येणाऱ्या बाईंना चाळणी कळते. पापा म्हणाले, मग आपण चुकीची मारू. बोललं तर शिक्षा होते, मादाम. चुकलं तर होत नाही. संचालकांना काही कळणार नव्हतं."

"आणि सांगितलं का नाही मला? गाडीत तर कोणी नव्हतं!"

"शिपाई होता. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच ना, कोणी सांगितलं म्हणून? तुम्हाला 'कोणी नाही' म्हणता आलं, ते खरं होतं म्हणून. तुमच्या तोंडावर सगळं दिसतं, मादाम. तुम्हाला खोटं बोलता आलं नसतं."

तेव्हा त्याचा राग आला होता ते आठवून मला कानकोंडं झालं.

"फक्त एकच अडचण झाली," तो म्हणाला. "सकाळी सगळ्यांनी तुमच्यासमोर चुकीच्या चाळण्या मारल्या. एक, दोन, तीन. तुम्ही छत्रीखाली सिनेमाच्या गप्पा मारत होतात. आठ चाळण्या झाल्या, मादाम. आठ! पापा सोरी माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मी जाऊन चाकाची हवा सोडली."

मी घरी आल्यावर ते सगळे फोटो काढून बघितले. प्रत्येकात चाळणी स्पष्ट दिसत होती. प्रत्येकात माणसं मोठे गोटे वेचत होती. आणि प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात छत्रीची काळी कड होती. पण त्या क्षणी, कारंज्यापाशी, मी फक्त हसत सुटले. पहारेकऱ्याला बाई आजारी पडल्या की काय असं वाटलं असावं.

हसू ओसरल्यावर मला एक गोष्ट आठवली आणि जरा बरं वाटलं. "पण काही म्हण," मी डोळे पुसत म्हटलं, "मी शिकवलं तेव्हा म्हातारा मन लावून बघत होता. पुन्हा, पुन्हा म्हणत होता. काहीतरी आवडलंच असेल ना माझ्या हातातलं?"

बुबाकारनं खाली बघितलं, वर बघितलं, झग्याची बाही नीट केली.

"मादाम," तो हळूच म्हणाला, "पापा सोरी वीस वर्षं मुकादम होते. नवा माणूस चाळणी पसरवायला लागला, की ते तेवढा एकच शब्द बोलायचे. तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, बाई मनानं फार चांगली आहे, पण मनगट ताठ आहे. अजून दोन दिवस राहिली असती तर मी तिला शिकवली असती."

कारंज्याचं पाणी पडत होतं. मी पदर खोचला, चपला काढल्या आणि त्याच्यापुढे हात केला. त्यानं चाळणी दिली. मी खडी घेतली, पाण्यात झुलवली, फिरवली आणि हिरवळीवर पालथी घातली. जरा पसरलीच.

बुबाकार खाली बसला आणि बराच वेळ माझ्या वर्तुळाकडे बघत राहिला. अगदी पापा सोरींसारखा.

"मनगट सैल, मादाम," तो म्हणाला. "पुन्हा."